वाचनालयाची फीड पुन्हा पुन्हा का थांबते? मुळापासून तपासणी

"पडद्यावर अजून मागच्या आठवड्याचंच दिसतंय." बडोद्यातल्या ज्या ज्या मराठी वाचनालयात फीड, म्हणजे साइटवरच्या ताज्या मजकुराची यंत्राला वाचता येणारी यादी, लावून दिली, तिथून ही तक्रार कधी ना कधी आलीच. चार-सहा दिवसांनी कुणी हात न लावता तीच फीड पुन्हा सुरू होते, सगळे निश्चिंत होतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. आपोआप बरा होणारा बिघाड फार चिवट असतो, कारण तो चालू झाल्यावर त्याच्या मागे कुणी लागत नाही.

मांडणी बहुतेक ठिकाणी अशी असते. एका संगणकावर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर फीड गोळा करणारा प्रोग्रॅम, म्हणजे फीड-रीडर: फ्रेशआरएसएस, थंडरबर्ड, फीडली, इनोरीडर, जे सोयीचं पडेल ते. त्यात संस्थेची स्वतःची साइट, गावातल्या साहित्य संस्था, विद्यापीठाच्या सूचना, मराठी विकिपीडियावरच्या काही पानांचे बदल, एखाददुसरी यूट्यूब वाहिनी आणि कोहा या ग्रंथालयासाठीच्या संगणकप्रणालीतली नवीन पुस्तकांची यादी जोडलेली. त्यातले मथळे दाराजवळच्या टीव्हीवर फिरतात आणि निवडक मजकूर वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो.

म्हणजे टप्पे तीन: जिथून मजकूर निघतो ती साइट, तो आणणारा रीडर आणि दाखवणारा पडदा. बिघाड झाला की आपण शेवटून सुरुवात करतो. टीव्ही बंद-चालू, मग संगणक रीस्टार्ट, मग वायफायच्या नावाने बोटं मोडणं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात मूळ साइटपासून करा. निदान मराठी मजकुराच्या बाबतीत बहुतेक वेळा खोट तिथेच सापडते.

आधी हे ठरवा: फीड गप्प आहे की बंद?

दोन्ही अवस्था पडद्यावर सारख्याच दिसतात, हीच मोठी अडचण आहे. साइटवर नवीन काही आलंच नसेल तर जुने मथळे दिसणं बरोबर आहे. पण फीड मोडली असेल तरीही रीडर शेवटचा नीट मिळालेला मजकूरच दाखवत राहतो. लाल खूण येते ती रीडरच्या आतल्या यादीत, आणि ती यादी वाचनालयात कुणी उघडत नाही.

म्हणून साइट उघडून सगळ्यात ताज्या सूचनेचा मथळा बघा. मग फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि तोच मथळा तिथे वर आहे का ते पाहा. फीड नुसत्या कोडसारखी दिसली किंवा फाइल म्हणून उतरली तर घाबरू नका. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये, ६४व्या आवृत्तीपासून, फीड सुबक करून दाखवण्याची सोय काढून टाकली. पत्त्याच्या पट्टीत दिसणारी ती नारिंगी खूण तर त्याच्या कितीतरी आधीच गेली होती, त्यामुळे अनेकांचा समज झाला की साइट्सनी फीड देणंच बंद केलं. तसं नाही. वर्डप्रेसच्या साइटला पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि 'फीड' हा शब्द रोमनमध्ये लावला की बहुधा ती मिळते. इतर साइटवर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडा आणि त्यात आरएसएस किंवा अ‍ॅटम हे शब्द (फीडचे दोन प्रकार) शोधा. विकिपीडियावर पानाच्या 'इतिहास' विभागात अ‍ॅटमचा दुवा असतो.

फीड मिळाली की तिचा पत्ता डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या फीड तपासणी सेवेत टाका. ती फुकट आहे आणि चूक कितव्या ओळीत आहे ते सांगते. टीव्हीशी खटपट करण्याआधी एवढं केलंत तर अर्धा दिवस वाचतो.

खरी मेख: तीन बाइटचं अक्षर

इथे जरा थांबतो, कारण 'अधूनमधून बंद, मग आपोआप चालू' हे कोडं मला इथे सुटलेलं दिसलं.

एका संस्थेची साइट कुणीतरी पीएचपी या संगणकभाषेत घरीच लिहिलेली. फीडमध्ये शेवटच्या दहा सूचना जातात, प्रत्येकीचा मथळा आणि थोडा सारांश. सूचना तीन भाषांत: सरकारी परिपत्रकं इंग्रजीत, जागेचं आणि वर्गणीचं गुजरातीत, कार्यक्रमांचं मराठीत. बडोद्यात यात नवल काहीच नाही. १९१२ साली इथून निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकातही इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही विभाग होते.

तपासणी सेवेने एका ओळीवर बोट ठेवलं आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या छोट्या एककांत, ठेवायची पद्धत) वाचता येत नाही अशा अर्थाचा इशारा दिला. ती ओळ म्हणजे एका व्याख्यानमालेची लांबलचक सूचना. सारांशाचा शेवट 'व्याख्यानमा' असा होऊन पुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकट आलेला. 'व्याख्यानमाला' हा शब्द मधेच कापला गेला होता, पण दोन अक्षरांच्या मध्ये नव्हे. तो 'ल'च्या पोटातून कापला गेला होता.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'ल'चेही तीन. मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे वेगळे तीन-तीन. गुजराती लिपीचं तसंच. इंग्रजी अक्षर, इंग्रजी आकडा किंवा मोकळी जागा मात्र एकाच बाइटची. साइटच्या कोडमध्ये सारांश ४०० बाइटवर कापायची आज्ञा होती, आणि कात्री 'ल'च्या दुसऱ्या बाइटनंतर पडली. दोन बाइट आत, तिसरा बाहेर. असं अर्धवट चिन्ह कुठल्याच लिपीत बसत नाही.

साधं वेबपान अशा जागी काळा चौकट दाखवून पुढे जातं. फीड हा एक्सएमएलचा, म्हणजे यंत्रांनी वाचायच्या मजकुराच्या ठरावीक रचनेचा, प्रकार आहे, आणि एक्सएमएलचा १९९८ पासूनचा नियम कडक आहे: रचनेत चूक सापडली की वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं. एका सूचनेतल्या एका बाइटपायी दहाही सूचना नाकारल्या जातात. काही रीडर सैल असतात आणि चूक गिळून पुढे जातात. "माझ्या मोबाइलवर दिसतंय, मग वाचनालयातच का नाही?" हा वादही तिथूनच उपजतो.

आता आपोआप बरं होण्याचं कारण. इंग्रजी परिपत्रकाला काहीच होत नाही, ते कुठेही कापा. आखूड मराठी सूचना ४०० बाइटच्या आत बसते, तिला कात्री लागत नाही. लागतो तो फक्त लांब मराठी किंवा गुजराती मजकूर, आणि तोही कात्री चुकीच्या जागी पडली तरच. अशी सूचना लागली की फीड मोडते. मग त्यावर नवीन दहा सूचना चढतात, दुखरी सूचना फीडच्या तळातून बाहेर पडते आणि सगळं सुरळीत होतं. गणपतीच्या आणि व्याख्यानमालांच्या दिवसांत सूचना मोठ्या असतात म्हणून बिघाड जास्त, एरवी कमी. तेवढ्यात कुणी राउटर बदललेला असतो, आणि श्रेय त्याला मिळतं.

दुरुस्ती एका ओळीची आहे. पीएचपीत 'सबस्ट्र' हे फंक्शन बाइट मोजतं. त्याच्या जागी 'एमबी' हे उपपद असलेलं फंक्शन वापरायचं, जे चिन्हं मोजतं. पण मराठीसाठी तेवढ्यावर थांबू नका. चिन्हं मोजून कापलं तर फीड मोडत नाही, पण अक्षराची मात्रा मागे राहू शकते आणि 'मोठी'चं 'मोठ' होऊन पुढे काहीच नाही असं विचित्र दिसतं. मर्यादेच्या आधीच्या शेवटच्या मोकळ्या जागेवर कापा, म्हणजे शब्द अख्खा राहतो. साइट तुमच्या हातात नसेल तर ती चालवणाऱ्याला हा परिच्छेद जसाच्या तसा पाठवा. 'फीड चालत नाही' एवढंच कळवलं तर तो स्वतःच्या मोबाइलवर बघेल आणि 'इथे तर चालतेय' म्हणेल.

याच जातीचे आणखी काही बिघाड आहेत, ते थोडक्यात सांगतो. मजकूर वर्डमधून किंवा जुन्या पेजमेकरमधून उचलून चिकटवला की कधीकधी न दिसणारी नियंत्रण-चिन्हं सोबत येतात, आणि त्यातली बरीच एक्सएमएलला चालत नाहीत. आधी नोटपॅडमध्ये चिकटवलं तरी ती तशीच पुढे जाऊ शकतात, म्हणून त्या जागेची ओळ पुसून हाताने टाइप करणं बरं. फाइलच्या अगदी सुरुवातीला, एक्सएमएलच्या घोषणेआधी, एक रिकामी ओळ आली तरी फीड नाकारली जाते. ती बहुधा एखाद्या प्लगइनच्या फाइलच्या टोकाला सांडलेली असते. मथळ्यात मोकळं & चिन्ह आलं तरी तेच होतं. आणि सगळाच मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसत असेल तर तो बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. त्याला फीडमध्ये औषध नाही, मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

तारीख मराठीत लिहिली की

मराठी साइटवर तारीख मराठीत असावी हे मलाही मनापासून वाटतं. वाचकाला दिसणाऱ्या पानावर ती तशीच ठेवा. फीडच्या आतली तारीख मात्र यंत्रासाठी असते. आरएसएस २.० मध्ये वार, महिना आणि आकडे इंग्रजीत लागतात. अ‍ॅटममध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी आपल्या वेळेसाठी अधिक ०५:३०, तेही इंग्रजी आकड्यांतच. साइटची भाषा मराठी केल्यावर काही थीम आणि प्लगइन ही तारीखसुद्धा मराठी करून टाकतात. मग रीडरला ती कळत नाही. काही रीडर त्या जागी मजकूर आणल्याची वेळ घालतात, काही थेट १ जानेवारी १९७० ला जातात. सूचना आलेली असते, पण यादीच्या तळाशी, कुणी जात नाही तिथे. रीडरमध्ये क्रम उलटा लावून तळ पाहा; पहाटे साडेपाचची १९७० मधली सूचना दिसली तर निदान झालं.

जुन्या सगळ्या सूचना एकदम 'नवीन' म्हणून परत आल्या, तर साइटचा पत्ता बदललाय का ते विचारा. प्रत्येक सूचनेला फीडमध्ये एक ओळखखूण असते आणि रीडर तिच्यावरूनच जुनं-नवं ठरवतो. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना कुणी ती खूणही बदलली की रीडरच्या लेखी सगळाच मजकूर नवा. वर्डप्रेसमध्ये ही खूण डेटाबेसमध्ये साठवलेली असते आणि साइट हलवताना तिला हात लावायचा नसतो. एकदा झालं असेल तर रीडरमध्ये सगळं 'वाचलं' करून पुढे चला. पण त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप पाठवणी चालू असेल तर ती आधी थांबवा, नाहीतर गटावर जुन्या सूचनांचा मारा होईल.

नवीन पुस्तकं फीडमध्ये येत नाहीत

ज्या वाचनालयात कोहा आहे तिथे ही तक्रार येते. कोहाच्या ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या पुस्तकसूचीत, शोध घेतला की निकालाच्या पानावर त्या शोधाची फीड मिळते. मराठी कादंबरी, बालसाहित्य, एखादा लेखक, ज्याला जे हवं त्याची फीड. माझ्या मते वाचनालयाने वाचकाला द्यायची ही सगळ्यात मोलाची सोय आहे, आणि तीच सगळ्यात कमी वापरली जाते.

फीडचा दुवा अर्धवट येतो किंवा वाचनालयाबाहेर उघडत नाही, तेव्हा प्रणालीच्या पसंतींमध्ये 'ओपॅक-बेस-यूआरएल' ही नोंद बघा. ती भरलेली नसेल तर फीड नीट बनत नाही. ती भरताना कुणी १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता टाकला असेल तर फीड वाचनालयाच्या चार भिंतींत चालते आणि घरी चालत नाही. ओपॅक लॉगिनशिवाय बघता येतो ना, हेही तपासा; रीडरकडे वाचकाचा पासवर्ड नसतो.

पुस्तक नोंदवलं, बारकोड लावला, कपाटात गेलं, तरी फीडमध्ये नाही? ओपॅकमध्ये त्याचं नाव टाकून शोधा. तिथेही सापडत नसेल तर फीडचा दोष नाही. कोहाची शोधसूची, बहुतेक ठिकाणी झेब्रा, नवीन नोंदी उचलत नाहीये. वीज गेल्यावर सर्व्हर परत उठतो, पण सूची करणारी सेवा कधीकधी उठत नाही. ती सुरू करा, नोंदी मागाहून येतात.

वाचनालयातला संगणक

सगळ्याच साइट्स एकदम बंद पडल्या तर मात्र संशय संगणकावर घ्या, आणि पहिल्यांदा कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्या तारखेला निघालेलंच नसतं, म्हणून संगणक प्रत्येक साइटला नकार देतो. तारीख हाताने दुरुस्त केली की चालतं, पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा बंद. "रीस्टार्ट केला की बिघडतं हो," असं ग्रंथपाल ताई सांगतात तेव्हा त्या अगदी बरोबर लक्षण सांगत असतात. सीआर २०३२ क्रमांकाची बॅटरी बसवा.

एकच साइट ब्राउझरमध्ये उघडते पण रीडरमध्ये नाही, असं असेल तर त्या साइटने प्रमाणपत्राची मधली कडी लावलेली नसण्याची शक्यता मोठी. ब्राउझर ती कडी पुष्कळदा स्वतः मिळवतो, रीडर मिळवतोच असं नाही. ही दुरुस्तीही साइटवाल्याकडची.

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मधल्या सूचना कायमच्या गायब दिसतात, त्याचं कारण सरळ आहे. वर्डप्रेसची फीड ठरीव मांडणीत ताज्या दहाच नोंदी ठेवते, यूट्यूबची पंधरा. संगणक बंद असताना त्याहून जास्त आल्या तर आधीच्या निसटल्या. थंडरबर्ड चालू असतानाच फीड आणू शकतो. ज्या वाचनालयाला पूर्ण नोंद हवी आहे त्याने सर्व्हरवर चालणारा रीडरच घ्यावा.

गटावर पाठवताना

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यात आणलं, आणि पुढच्याच वर्षापासून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक येण्याची वाट न पाहता मजकूर त्याच्यापर्यंत न्यायचा, ही इथल्या ग्रंथालय चळवळीची जुनी सवय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मथळे पाठवणं त्याच कामातलं आहे, म्हणून ते तितक्याच जबाबदारीने व्हावं असं मला वाटतं.

मराठी मथळ्यावरून बनलेला पत्ता कॉपी केला की टक्क्याच्या खुणांनी भरलेली लांबच लांब ओळ होते. देवनागरीचं एक चिन्ह तिथे नऊ चिन्हांची जागा खातं. वर्डप्रेसमध्ये या पत्त्याची मर्यादा २०० आहे, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम बावीस चिन्हं बसतात आणि उरलेला मथळा गळतो. मोठा दुवा पुढे पाठवताना कुणाच्या हातून तुटला की "उघडत नाही" अशी तक्रार फीडच्या नावावर जमा होते. साइट आपली असेल तर प्रकाशित करतानाच पत्ता आखूड रोमन अक्षरांत लिहा. जुन्या नोंदींचा पत्ता मात्र आता बदलू नका, आधी पाठवलेले दुवे मरतील.

मजकूर अख्खा उचलून गटावर टाकू नका. मथळा, स्रोताचं नाव, फार तर दोन ओळी आणि दुवा. लिहिणाऱ्याचा हक्क राहतो, आणि वाचक मूळ साइटवर गेला तर त्या साइटलाही फीड चालू ठेवण्यात अर्थ वाटतो.

यापुढे बिघाड वाचकांनी सांगायच्या आधी कळावा यासाठी आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी वाचनालय उघडल्यावर, रीडरमधल्या फीडची यादी शेवटच्या नोंदीच्या तारखेने लावून बघा. जी साइट एरवी रोज लिहिते तिची शेवटची नोंद पाच दिवसांपूर्वीची असेल तर तिथे लगेच तपासणी सेवा लावा. वर्षातून दोनदाच लिहिणाऱ्या साइटला पाच दिवसांत काही होत नाही. हा फरक यंत्राला कळत नाही, यादी ओळखणाऱ्या माणसाला चटकन कळतो. त्याच बैठकीत सगळ्या फीडची ओपीएमएल फाइल (सगळ्या फीडच्या पत्त्यांची यादी) उतरवून संस्थेच्या ईमेलवर पाठवून ठेवा. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा ज्यांच्याकडे ही फाइल होती त्यांनी दुसऱ्या रीडरमध्ये ती घातली आणि काम पुढे चालू ठेवलं. बाकीच्यांना एकेक साइट आठवून जोडावी लागली.